३२ बिटांची पोच १२ बिटांत: एका पेटंट अर्जाचे परीक्षण

हे प्रकरण युरोपीय पेटंट कार्यालयात चाललेल्या एका अर्जाचे आहे. अर्जदार मोबाइल नेटवर्कच्या क्षेत्रातली कंपनी. शोध होता मोबाइलने बेस स्टेशनला पाठवायची पोच कमी बिटांत बसवण्याचा. कोणाची ओळख पटू नये म्हणून उदाहरणातले आकडे बदलले आहेत. गणिताचा सांगाडा आणि परीक्षणातले पेच मात्र होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

बेस स्टेशन मोबाइलकडे डेटा पाठवते. तो नीट उलगडला तर मोबाइल ‘अ‍ॅक’ कळवतो, नाही उलगडला तर ‘नॅक’. नॅक मिळाला की बेस स्टेशन तो डेटा पुन्हा पाठवते आणि मोबाइल आधीचा बिघडलेला व आताचा असे दोन्ही एकत्र करून पुन्हा प्रयत्न करतो. यालाच हायब्रिड एआरक्यू म्हणतात. एका पोचेला एक बिट पुरतो.

अडचण संख्येची आहे. टाइम डिव्हिजन (दोन्ही दिशांना वेळ वाटून देणाऱ्या) पद्धतीच्या एलटीईमध्ये, म्हणजे चौथ्या पिढीच्या मानकात, फ्रेमचे दहा भाग असतात आणि कुठला भाग कोणत्या दिशेला द्यायचा याचे ठरलेले साचे असतात. पाचव्या क्रमांकाच्या साच्यात अपलिंकला (मोबाइलकडून बेस स्टेशनकडे जायला) दहापैकी एकच भाग मिळतो, म्हणजे नऊ भागांची पोच त्या एका भागातून पाठवायची. म्हणून एलटीईच्या पहिल्याच आवृत्तीत बंडलिंग आले. अनेक पोचांवर ‘अँड’ क्रिया करायची (सगळ्या चांगल्या असतील तरच उत्तर चांगले) आणि उत्तराचा एकच बिट पाठवायचा. वर्गात एक जण गैरहजर असला तरी अख्खा वर्ग गैरहजर लिहिण्यासारखा हा प्रकार. जागा वाचते, पण एका फसलेल्या तुकड्यापायी आठ चांगले तुकडेही पुन्हा मागवले जातात.

पाचव्या पिढीत प्रश्न उलट्या बाजूने आला. एका ट्रान्सपोर्ट ब्लॉकचे, म्हणजे एका वेळी पाठवायच्या डेटाच्या गठ्ठ्याचे, अनेक कोड ब्लॉक होतात, आणि एक कोड ब्लॉक जास्तीत जास्त ८,४४८ बिटांचा असतो. ट्रान्सपोर्ट ब्लॉक मोठा असेल तर त्यातला एक कोड ब्लॉक बिघडला म्हणून सगळा ब्लॉक पुन्हा पाठवणे परवडत नाही. म्हणून कोड ब्लॉकचे गट करून प्रत्येक गटाची वेगळी पोच घ्यायची सोय झाली. एका ट्रान्सपोर्ट ब्लॉकमागे २, ४, ६ किंवा ८ गट ठेवता येतात. डाउनलिंकची बचत झाली, पण पोचेचे ओझे आठपटीपर्यंत वाढले. आणि अपलिंक म्हणजे बॅटरीवर चालणारा, सेलच्या कडेला उभा असलेला, जेमतेम ऐकू जाणारा मोबाइल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढे सगळे प्रकरण तिच्याभोवतीच फिरले. पोचेतल्या दोन चुका सारख्या नसतात. अ‍ॅकचा नॅक वाचला गेला तर चांगला डेटा उगाच पुन्हा जातो, इतकेच. नॅकचा अ‍ॅक वाचला गेला तर बेस स्टेशन तो डेटा पोचला असे समजून पुढे जाते. चूक वरच्या थराला केव्हातरी कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. थ्रीजीपीपी या मोबाइलची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या, बेस स्टेशनसाठीच्या कसोट्यांतही हा फरक दिसतो. नॅकचा अ‍ॅक वाचला जाण्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, अ‍ॅक हुकण्याला १ टक्क्यापर्यंत मुभा असते.

शोध काय होता

समजा चार ट्रान्सपोर्ट ब्लॉक आले, प्रत्येकाचे आठ गट. पूर्ण पोच ३२ बिटांची होते. शोधकांनी ती १२ बिटांत बसवली. पहिले चार बिट प्रत्येक ट्रान्सपोर्ट ब्लॉकमागे एक (१ म्हणजे पोचला, ० म्हणजे फसला), उरलेले आठ बिट फक्त फसलेल्या ब्लॉकांच्या तपशिलासाठी.

एकही ब्लॉक फसला नाही: बाराच्या बारा बिट १.
एक फसला: आठही बिट त्याचे, एका गटाला एक बिट.
दोन फसले: प्रत्येकाला चार बिट, दोन गटांमागे एक.
तीन फसले: प्रत्येकाला दोन बिट, चार गटांमागे एक, दोन बिट उरतात, त्यांत ठरलेले मूल्य भरायचे.
चार फसले: प्रत्येकाला दोन बिट.

जिथे एका बिटाखाली एकाहून जास्त गट येतात तिथे ‘अँड’ वापरायचे. त्यामुळे चांगला गट वाईटाबरोबर भरडला जाईल, पण फसलेला गट कधीच ‘पोचला’ म्हणून लपणार नाही. लांबी नेहमी १२ बिट, म्हणून बेस स्टेशनला अंदाजाने वेगवेगळ्या लांब्या लावून पाहाव्या लागत नाहीत. आणि तपशील किती जाड किंवा बारीक आहे, म्हणजे एका बिटाखाली किती गट आहेत, ते पहिल्या चार बिटांतल्या शून्यांच्या संख्येवरूनच कळते, त्यासाठी वेगळा संकेत लागत नाही.

नुकसान न होऊ देणारे संक्षेपण का नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल. प्रत्येक गट फसण्याची शक्यता १० टक्के आणि स्वतंत्र धरली तर एका पोचेत माहिती साधारण ०.४७ बिट असते. म्हणजे ३२ पोचा सरासरी १५ बिटांच्या आसपास मावतात, तेही काही न गमावता. मेख आहे ती ‘सरासरी’मध्ये. लांबी दर वेळी बदलते, आणि लांबी माहीत नसेल तर बेस स्टेशन उलगडायला सुरुवात कुठून करणार?

समस्या

अर्ज घाईत झाला होता. मानक ठरवणाऱ्या बैठकीसाठी कंपनीचा प्रस्ताव सर्व्हरवर चढवायचा होता, त्याआधी पेटंट कार्यालयात काहीतरी दाखल असायला हवे होते. म्हणून पहिला अर्ज शोधकांच्या टिपणावरून तयार झाला. त्यात वरच्या तक्त्यातल्या पहिल्या तीनच ओळी होत्या, आणि एक सर्वसाधारण वाक्य. त्याचा आशय असा: तपशिलाच्या भागाची लांबी कायम राहते आणि तो सगळा भाग फसलेल्या ब्लॉकांत वाटला जातो, फसलेले ब्लॉक जितके जास्त, तितके एका बिटाखाली येणारे गट जास्त.

काही दिवसांनी प्रस्ताव सर्व्हरवर चढला. तोवर शोधकांनी तक्ता पूर्ण केला होता. पाचही ओळी, उरलेल्या दोन बिटांच्या नियमासकट. वर्षाच्या मुदतीत आंतरराष्ट्रीय अर्ज दाखल झाला, आणि त्यात प्रस्तावातला पूर्ण तक्ता जसाच्या तसा घेतला गेला.

थ्रीजीपीपीच्या बैठकांची कागदपत्रे सर्व्हरवरून कोणालाही उतरवता येतात आणि चढवल्याची वेळ तिथेच नोंदलेली असते. पेटंटच्या दृष्टीने ती त्या क्षणापासून जाहीर. युरोपात स्वतःच्या प्रकाशनाला सर्वसाधारण सवलतीचा काळ नाही. पहिल्या अर्जाची प्राधान्य तारीख मिळाली, म्हणजे नंतरचा अर्जही पहिल्याच्याच दिवशी केला असे धरले गेले, तर प्रस्ताव निरुपद्रवी, नाही मिळाली तर तो अर्जदाराच्याच मुळावर उठणार. आणि प्राधान्य मिळते ते त्याच शोधाला, जो पहिल्या अर्जातून थेट आणि निःसंदिग्धपणे निघतो. वरिष्ठ अपील मंडळाच्या २००१ सालच्या जी २/९८ या मतापासून ही कसोटी पक्की आहे.

दाव्यांची, म्हणजे संरक्षण नेमके कशाला हवे ते सांगणाऱ्या कलमांची, अवस्थाही वेगळी नव्हती. पहिला दावा आखूडशिंगी, बहुदुधी: बिनतारी उपकरणाने अनेक डेटा एकके स्वीकारायची, प्रत्येकाची पोच ठरवायची, पोचांचा संच कमी बिटांत ‘संक्षिप्त’ करायचा आणि पाठवायचा. खरा शोध सहाव्या दाव्यात दडला होता, उरलेल्या बिटांचा नियम सातव्यात.

कार्यालयाच्या शोध अहवालात (आधी काय काय जाहीर झाले आहे याच्या धुंडाळणीत) तीन कागद आले. पहिला एलटीईचा मानक-दस्तऐवज, बंडलिंगचा. दुसरा एका दुसऱ्या कंपनीचा आधीच्या बैठकीतला प्रस्ताव: ब्लॉकमागे एक बिट आणि फसलेल्या ब्लॉकांचा पूर्ण तपशील, म्हणजे दोन पातळ्यांची पोच, पण लांबी बदलती. तिसरा अर्जदाराचा स्वतःचा प्रस्ताव, समोर ‘पी’ आणि ‘एक्स’ ही अक्षरे. ‘पी’ म्हणजे प्राधान्य तारीख आणि प्रत्यक्ष दाखल तारीख यांच्या मधला, ‘एक्स’ म्हणजे एकट्यानेच दावा पाडू शकणारा. शिवाय वायफायच्या ८०२.११एन मधला संक्षिप्त ब्लॉक-अ‍ॅक पार्श्वभूमी म्हणून नोंदला होता. त्याने काही बिघडत नव्हते. तिथे १२८ बाइटांचा नकाशा ८ बाइटांवर आला तो तुकड्यांचा हिशेब सोडून दिल्यामुळे. प्रत्येक फ्रेमचा बिट तसाच राहतो.

परीक्षकाचे म्हणणे थोडक्यात असे: पहिला दावा बंडलिंगमुळे नवा नाही. दोन ते पाच दुसऱ्या कागदापुढे टिकत नाहीत. सहा आणि सात यांना प्राधान्य मिळत असल्याचे दिसत नाही, म्हणून तिसऱ्या कागदापुढे तेही नवे नाहीत. ‘संक्षिप्त करणे’ आणि ‘लक्षणीय कमी’ हे शब्द संदिग्ध. गणिती पद्धत असल्याचा आक्षेप आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. कार्यक्षम प्रेषणासाठी डेटाचे एन्कोडिंग हा त्या कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत तांत्रिक हेतू म्हणूनच नोंदलेला आहे.

माझ्या मते अहवाल चोख होता. अर्जदाराच्या बाजूला तो वाचून जो त्रागा झाला, तो मुख्यतः पहिल्या दाव्याबद्दल होता. त्या दाव्यासाठी भांडण्यात अर्थ नव्हता.

तोललेले पर्याय

‘बंडलिंग म्हणजे संक्षेपण नव्हेच’ असा युक्तिवाद करावा, हा पहिला विचार. शोधकांना तो मनापासून पटत होता. पण अनेक बिटांवरून एक बिट काढणे हे दाव्याच्या शब्दांत बसते, आणि परीक्षक दावा वाचतो, शोधकाच्या मनातला अर्थ नाही. हा पर्याय एका बैठकीत निकालात निघाला.

दुसरा पर्याय नुकसानरहित संक्षेपणाचा. वर्णनात त्याचा एक परिच्छेद होता. पण शक्यता माहीत असेल तर नेहमीच्या चिन्हांना आखूड संकेत द्यायचे, हे या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय बदलत्या लांबीची अडचण तशीच राहते. म्हणजे जुने ज्ञान आणि अपुरा उपाय, दोन्ही एकदम.

तिसरा पर्याय व्यवसाय विभागाने रेटला. तोवर मानकाची दिशा स्पष्ट झाली होती. प्रत्येक ब्लॉकमागे ठरवून दिलेल्या गटसंख्येइतके बिट, संक्षेपण नाही. दावा तिकडे वळवता आला तर पेटंट मानकाला अत्यावश्यक ठरेल, म्हणजे मानक पाळणाऱ्याला ते टाळता येणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यासाठी लागणारा मजकूर अर्जात नव्हता. दाखल अर्जात नसलेली गोष्ट दुरुस्ती करून आत आणता येत नाही. कलम १२३(२) त्याबाबत कडक आहे. मसुदा करून पाहिला तेव्हा पाचपैकी तीन शब्दसमूहांना अर्जात आधार सापडेना.

चौथा पर्याय: कायम लांबी आणि फसलेल्यांच्या संख्येनुसार बदलणारी जाडी, हेच पहिल्या दाव्यात आणायचे. इथे जोखीम प्राधान्याची. पाचवा, युरोपातला अर्ज सोडून द्यायचा आणि अमेरिकेवर भर द्यायचा. तिथे शोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनाला एक वर्षाची सवलत असते आणि प्रस्ताव त्या वर्षात बसत होता.

निवड चौथ्याची झाली. कारण ते एक सर्वसाधारण वाक्य. पहिल्या अर्जात ते होते, आंतरराष्ट्रीय अर्जातही शब्दशः होते. त्यावर उभा केलेला दावा प्राधान्य तारखेला पोचतो.

सातव्या दाव्याचे मात्र काही करता येत नव्हते. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ झाला, म्हणून थोडे थांबतो. सातवा दावा सहाव्यापेक्षा अरुंद आहे. सहावा नवा असेल तर सातवा नवा असलाच पाहिजे, असे कोणालाही वाटेल, आणि एरवी ते खरेही असते. पण इथे दोघांच्या तारखा वेगळ्या. सहाव्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्या अर्जात आहे, त्याची तारीख जुनी. सातव्यातला उरलेल्या बिटांचा नियम तिथे नाही, म्हणून त्याची तारीख आंतरराष्ट्रीय अर्जाची. त्या तारखेच्या आधीच तो नियम कंपनीनेच जगजाहीर केलेला. मूळ दावा उभा आणि त्यावर टेकलेला दावा आडवा, असे होऊ शकते. सातवा दावा वगळला.

पहिले उत्तर

उत्तरात नवा पहिला दावा असा आला: अनेक ट्रान्सपोर्ट ब्लॉक, प्रत्येकात अनेक गट, पहिल्या भागात ब्लॉकमागे एक बिट, दुसऱ्या भागाची लांबी आधी ठरलेली, तो भाग फसलेल्या ब्लॉकांत वाटलेला, एका बिटाखालच्या गटांची संख्या फसलेल्या ब्लॉकांच्या संख्येवर अवलंबून, आणि प्रत्येक बिट हा त्याखालच्या गटांच्या पोचांचा ‘अँड’. ‘संक्षिप्त’ हा शब्दच काढून टाकला. दाव्याचे काहीही अडले नाही.

युक्तिवादात बचतीच्या टक्केवारीवर भर द्यायचा मोह होता. पहिल्या मसुद्यात दोन पाने तीच होती: ३२चे १२ झाले, वर सीआरसीही (चूक ओळखण्यासाठी जोडायचे जादा बिट) कमी लागते, कारण पुढे ठरलेल्या मानकात २० किंवा अधिक बिटांना ११ बिटांची सीआरसी आहे आणि १२ ते १९ बिटांना ६ बिटांची. हे सगळे खरे. पण बिट वाचवणे ही दुसऱ्या कागदाचीही इच्छा आणि बंडलिंगचीही. सगळ्यांनाच हवी असलेली गोष्ट आपल्यालाही हवी होती, हे सांगून कल्पकतेची पायरी, म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचणारा नाही ही अट, सिद्ध होत नाही. वकिलांनी ती पाने काढली आणि प्रश्न वेगळा मांडला: सर्वात जवळचा कागद दुसरा, त्यात लांबी बदलते, ती आधी कळेल अशी कशी करायची, आणि तेही एकही नॅक न लपवता?

हे दोन अटींचे जोडकाम महत्त्वाचे ठरले. लांबी कायम करण्याचे सोपे मार्ग कोणालाही सुचतात. एक, सर्वात वाईट परिस्थितीइतकी लांबी ठेवायची: ४ अधिक ३२, म्हणजे ३६ बिट. मग बचत उरली नाही, उलट चार बिट वाढले. दुसरा, जागा संपली की तपशील तोडायचा. म्हणजे पहिल्या फसलेल्या ब्लॉकाचे आठ बिट पाठवायचे आणि बाकीच्यांबद्दल गप्प राहायचे. मग बाकीचे ब्लॉक पूर्ण पाठवावे लागतात, म्हणजे गटवार पोचेचा फायदा नेमका गरजेच्या वेळी हातून जातो.

परीक्षकाने उत्तर मान्य केले नाही. सुनावणीचे पत्र आले, सोबत प्राथमिक मत: या क्षेत्रातला जाणकार दुसऱ्या कागदातली पोच आखूड करण्यासाठी एलटीईचे बंडलिंग वापरेल आणि सहज इथे पोचेल. शिवाय ‘अँड’ फक्त उदाहरणात आहे, तिथे समान वाटपाबरोबर आहे. समान वाटप सोडून एकटा ‘अँड’ दाव्यात उचलणे म्हणजे मूळ मजकुरात भर.

सुनावणीआधीचा निर्णय

दुसऱ्या आक्षेपावर सरळ उपाय दिसत होता. दाव्यात ‘समान वाटप’ घालायचे. दावा अरुंद होतो, पण आधार निर्विवाद. मुख्य विनंतीतच (विभागापुढे पहिल्यांदा ठेवायच्या दाव्यांच्या मसुद्यातच) ते घालावे असे वकिलांचे सुरुवातीचे मत होते. शोधकांपैकी एकाने हरकत घेतली: आठ बिट तिघांत समान कसे वाटणार?

घोडे इथेच अडले होते, आणि ते सुनावणीआधी कळले हे नशीब. समान वाटप दाव्यात आले की तीन ब्लॉक फसल्यावर दोन बिट उरतात. त्यांचे काय करायचे हे सांगितले नाही, तर परीक्षक म्हणेल की कायम लांबीसाठी आवश्यक असलेली गोष्टच दाव्यात नाही. सांगितले, तर तो नियम फक्त पूर्ण तक्त्यात आहे. प्राधान्य जाते आणि स्वतःचा प्रस्ताव पुढे येऊन उभा राहतो. अरुंद दावा सुरक्षित असतो या सवयीच्या समजुतीने अर्जदाराला अलगद कात्रीत नेऊन सोडले असते.

समान वाटप नसेल तर अडचणच नाही. आठ बिट ३, ३ आणि २ असे वाटता येतात. तीन बिट मिळालेल्या ब्लॉकाचे आठ गट ३, ३, २ असे. दोन बिट मिळालेल्याचे ४, ४. एकही बिट उरत नाही, आणि पहिल्या अर्जातल्या ‘तो सगळा भाग वाटला जातो’ या शब्दांशी हे तंतोतंत जुळते. म्हणून मुख्य विनंती समान वाटपाविना ठेवली. समान वाटप पर्यायी विनंतीत (मुख्य फेटाळली तरच पाहायच्या मसुद्यात) गेले, तेही फसलेल्यांची संख्या लांबीला निःशेष भागत असेल त्या स्थितीपुरते मर्यादित करून.

सुनावणी

सुनावणी व्हिडिओवरून झाली, समोर तीन सदस्यांचा परीक्षण विभाग. मूळ मजकुरात भर घातल्याचा मुद्दा आधी निघाला. वकिलांनी वर्णनातला एक परिच्छेद दाखवला. कोणतीही जाडी वापरली तरी फसलेला गट पोचला म्हणून कळवला जाणार नाही, असे तिथे म्हटले होते. हा परिच्छेद दोन्ही अर्जांत होता. एका बिटाखाली अनेक गट आणि त्यातला एकही फसलेला लपायला नको, तर तो बिट ‘अँड’च असला पाहिजे, आणि वाटप समान असो वा नसो, हे बदलत नाही. म्हणजे ‘अँड’ समान वाटपाला चिकटलेला नाही. विभागाने थोड्या चर्चेनंतर हे मान्य केले.

मग कल्पकतेची पायरी. विभागाचा प्रश्न रोखठोक होता: बंडलिंग माहीत, दोन पातळ्या माहीत, जोडायला काय हरकत? उत्तर असे दिले गेले. एलटीईच्या बंडलिंगमध्ये कोणते भाग एकत्र बांधायचे हे डेटा उलगडण्याच्या आधी ठरलेले असते, निकाल काहीही लागो. ते दुसऱ्या कागदावर लावले तर प्रत्येक फसलेल्या ब्लॉकाचा तपशील एका ठरावीक प्रमाणात आखूड होईल, पण फसलेल्यांच्या संख्येनुसार लांबी पुन्हा बदलेलच. ती कायम करायची तर गटांची बांधणी निकाल पाहून करावी लागते, आणि निकाल तर फक्त मोबाइललाच माहीत. बेस स्टेशनला ती बांधणी कळणार कशी? पहिल्या भागातल्या शून्यांवरून. पहिला भाग इथे पोच आहेच, शिवाय दुसरा भाग वाचायची किल्लीही आहे. दोन्ही कागदांत त्या भागाला हे दुसरे काम नाही.

एका सदस्याने विचारले, तीन फसले तर काय? ३-३-२चे उत्तर तयार होते. प्रश्न नेमका अपेक्षित जागी आला. पण त्याने पुढे विचारले की कोणाला तीन आणि कोणाला दोन हे बेस स्टेशनला कसे कळेल. त्यावर वकील क्षणभर अडखळले. क्रमाने वाटायचे आणि पहिल्यांना जास्त द्यायचे, हा जाणकाराच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे, दोन्ही बाजूंनी एक ठरलेला क्रम धरला की झाले, असे उत्तर शोधकाने सुचवले आणि ते चालले. तरी तिथे बाजी पालटू शकली असती असे मला वाटते.

विभागाने मुख्य विनंती मान्य केली, एका छोट्या बदलासह. ‘अवलंबून’ हा सैल शब्द काढून फसलेल्यांची संख्या वाढली की एका बिटाखालचे गट वाढतात, असे लिहायचे. हे शब्द मूळ वाक्यातलेच, म्हणून कोणाची हरकत नव्हती.

निकाल

मंजूर होणारा मजकूर नियम ७१(३)च्या पत्रासोबत आला, शुल्क भरले, दाव्यांची इतर दोन अधिकृत भाषांतली भाषांतरे दिली आणि पेटंट मिळाले. विरोधासाठीच्या नऊ महिन्यांत कोणीही विरोध केला नाही. अमेरिकेतल्या समांतर अर्जात उरलेल्या बिटांचा दावाही टिकला. तिथे स्वतःचा प्रस्ताव आडवा येत नव्हता.

व्यावसायिक बाजू फिकी राहिली. मानकाने गटवार पोचेसाठी साधा रस्ता घेतला, प्रत्येक ब्लॉकला ठरलेले बिट. संक्षेपणाने वाचणाऱ्या बिटांपेक्षा साधेपणाला जास्त किंमत मिळाली. पहिल्या भागाची एक चूक दुसऱ्या भागाचा अर्थच बदलते, हे पाहता तो निर्णय मला वावगा वाटत नाही. कंपनीने पेटंट मोजक्या देशांत चालू ठेवले आहे, ते मानकाबाहेरच्या खासगी नेटवर्कच्या उपकरणांकडे डोळा ठेवून.

वेगळे काय करता आले असते

सर्वात स्वस्त उपाय वेळेचा होता. प्रस्ताव सर्व्हरवर चढवण्याआधी तो जसाच्या तसा दुसरा अर्ज म्हणून दाखल करायचा. आंतरराष्ट्रीय अर्जात एकाहून जास्त प्राधान्ये घेता येतात. पूर्ण तक्त्याला स्वतःची तारीख मिळाली असती, सातवा दावा वाचला असता आणि सुनावणीआधीची कात्री उद्भवलीच नसती. त्या कंपनीत आता प्रस्तावाची अंतिम फाइल पेटंट विभागाची सही झाल्याशिवाय चढत नाही. अभियंत्यांना हे जाचक वाटते, आणि बैठकीच्या आदल्या रात्री तक्ते बदलत असतात तेव्हा त्यांचे म्हणणे समजण्यासारखेही असते.

शोधकांकडून टिपण घेताना तक्त्याच्या सगळ्या ओळी मागायला हव्या होत्या. एक किंवा दोन ब्लॉक फसल्याच्या ओळी सोप्या. आठाला तीनने भाग जात नाही तिथेच शोधाची खरी परीक्षा होते, आणि नेमकी तीच ओळ पहिल्या अर्जात नव्हती.

पहिला दावा इतका रुंद ठेवल्याने फायदा झाला का, यावर मतभेद आहेत. वकिलांचे म्हणणे, रुंद दाव्यामुळे कार्यालयाची जुन्या कागदांची धुंडाळणी व्यापक होते आणि काय काय आधी होऊन गेले आहे ते लवकर कळते. मला ते अर्धेच पटते. बंडलिंग कंपनीच्या प्रत्येक अभियंत्याला माहीत होते. ते कळण्यासाठी शोध अहवालाची वाट पाहायची गरज नव्हती, आणि एक पूर्ण फेरी त्यात गेली.

कोणती चूक सोसायची आणि कोणती नाही, हे सांगणारा परिच्छेद अर्जात शेवटच्या घटकेला आला होता. एका शोधकाने मसुद्याच्या समासात लिहिले होते की ‘नॅक लपता कामा नये, हे कुठेतरी लिहा’. मसुदाकाराने ते एका परिच्छेदात घातले. सुनावणीत मूळ मजकुराचा आक्षेप त्याच्याच जोरावर निकालात निघाला आणि कल्पकतेच्या पायरीतली निम्मी बाजूही त्यावरच उभी होती. संक्षेपणाच्या अर्जात किती बिट वाचले हे सगळेच लिहितात. गमावलेली माहिती नेमकी कोणत्या बाजूला पडते, ०.१ आणि १ टक्क्याच्या कसोट्यांपुढे तिचा अर्थ काय होतो, यावर इथे आणखी एखादे पान असते तर कदाचित सुनावणीपर्यंत जावेच लागले नसते.

असमान वाटपासाठी विभागीय अर्ज (मूळ अर्जातूनच वेगळा काढलेला अर्ज) करायला हवा होता का, हा प्रश्न मंजुरीआधी निघाला होता. मूळ अर्ज प्रलंबित असेपर्यंतच तो करता येतो. खर्चाकडे पाहून तो केला नाही. पण ३-३-२ची वाटणी अर्जात शब्दांत कुठेच लिहिलेली नव्हती, सुनावणीत ती जाणकाराच्या आकलनातून आली होती. त्यामुळे तो अर्ज केला असता तर आधाराचा आक्षेप पुन्हा पहिल्यापासून लढावा लागला असता, आणि या वेळी समासातली टीप कामी आली नसती.